पायरीवरची पणती

१

इशूचे केस तिच्या आईवर गेलेत. रेशमासारखे हलके, जरा वारा सुटला की तोंडात. पोळीचा घास घेते तेव्हा निम्मे केस पोटात जातात, असं मी तिला चिडवायची. तेलाची वाटी घेऊन मी वेण्या घालायला बसले की माझी सून सुवर्णा लॅपटॉपवरून मान वळवून म्हणायची, "आई, राहू द्या ना मोकळे. शाळेत मुली हसतात वेण्यांना." मग मी फणी खाली ठेवायची. दिवसभर नातीच्या तोंडातले केस काढून कानामागे सारायचे, एवढंच काम मला उरायचं.

आणि नंतर आम्ही राहायला गेलो त्या गावात वाऱ्याला सुट्टी नव्हती. आधी आम्ही अमेरिकेतच, फ्रिस्को नावाच्या गावात होतो. तिथे गणपतीला आमच्या दारात चपला ठेवायला जागा पुरायची नाही. मग देवदत्तला, माझ्या लेकाला, मोकळी जागा हवीशी वाटली. उत्तरेला, गाडीने तासाच्या वाटेवर, दुसऱ्या कौंटीत, म्हणजे दुसऱ्या जिल्ह्यातच म्हणा, त्याने घर घेतलं. चहूकडे गवत, गाई, आणि वर एवढं मोठं आभाळ की पहिल्या दिवशी मला अंगणात उभं राहायची भीती वाटली. झाकण काढलेल्या डब्यात आपल्याला ठेवलंय, असं वाटलं.

घराच्या मागे, कुंपणाच्या आतच, गवतात सिमेंटच्या पायऱ्या होत्या. नुसत्या पायऱ्या. चढून गेलं की पलीकडे परत गवत. घर नाही, भिंत नाही, जोतंसुद्धा नाही.

"ह्या कशाच्या रे, देवा?" मी विचारलं.

"जुनं घर असेल कुणाचं. बिल्डरला म्हटलं तोडून टाक, तर म्हणाला, तेवढ्या कामाला माणूस मिळत नाही."

"दोन घणांचं काम! त्याला माणूस मिळत नाही?"

"आई, ही अमेरिका आहे. इथे घण मारायलाही अपॉइंटमेंट लागते," देवदत्त म्हणाला, आणि आम्ही हसलो.

मला त्या पायऱ्या बघवेनात. शेवाळं, पाखरांची घाण. एके दिवशी मी ब्रश घेऊन त्या घासल्या. तांदळाच्या पिठाची छोटी रांगोळी काढली. आणि दिवेलागणीला आमच्या दारात पणती लावली, तशी एक तिथेही नेऊन ठेवली. दार नसलं म्हणून काय झालं, उंबरठा तो उंबरठाच. तो अंधारात ठेवू नये, असं मला लहानपणापासून शिकवलेलं.

इशू पणतीकडे बघत म्हणाली, "आजी, हू लिव्ह्ज हिअर?"

मी म्हटलं, "कुणी नाही गं. पण संध्याकाळ तर इथेही होते ना?"

२

आमची शेजारीण डोना. शेजारीण म्हणजे पलीकडच्या शेताच्या टोकाला तिचं घर. माझ्याच वयाची, पुरुषासारखे बूट घालणारी, अंड्यांचे खोके आणून देणारी. मी तिला डोनाबाई म्हणायची, ती मला सूमी. मला इंग्रजी येत नाही, तिला मराठी कुठून येणार? मध्ये इशू. एकीचं ऐकायची, दुसरीला सांगायची, आणि कंटाळली की अर्धं गाळायची.

एका शनिवारी डोनाबाईने आम्हा दोघींना तिच्या पिकअपमध्ये बसवून फिरवून आणलं. मला वाटलं बाजार दाखवील. तिने पायऱ्या दाखवल्या.

त्या कौंटीत शेताशेतात पायऱ्या आहेत. गवतातून एकदम वर येतात आणि कुठेच न जाता थांबतात. डोनाबाई गाडी हळू करायची, काचेतून बोट दाखवायची आणि सांगायची. इथे शाळा होती. इथे चर्च. इथे पीच विकणारा म्हातारा राहायचा, त्याचं घर गेलं पण पीच झाडाला तसेच. टॉर्नेडो येतो, घर उचलतो, पायऱ्या मात्र जमिनीत रुतलेल्या म्हणून राहतात.

आमच्याकडे म्हाताऱ्या बायका पटकीच्या सालावरून आपलं वय सांगायच्या, तसं इथे वादळावरून सांगतात. अमक्याचं लग्न चर्च गेलं त्या वर्षी, तमक्याचा जन्म शाळा गेली त्याच्या आधीचा. मी शाळेत गेले नाही, म्हणून ऐकलेलं लक्षात ठेवायची मला सवय. कुठल्या पायऱ्या कुणाच्या, ते मी आजही क्रमाने सांगेन.

शेवटी गाडी आमच्याच घराच्या मागच्या रस्त्याला आली. आमच्या पायऱ्या तिथून दिसत होत्या. डोनाबाईने बोट दाखवलं नाही. गाडीही हळू केली नाही.

"अगं, आमच्या पायऱ्या कुणाच्या, ते विचार की," मी इशूला म्हटलं.

इशूने विचारलं. डोनाबाई रस्त्याकडे बघत काहीतरी पुटपुटली.

"काय म्हणते?"

"ती म्हणते, शी डझन्ट सिट देअर. ती तिथे बसत नाही."

ती बसते का, असं मी विचारलंच नव्हतं.

३

मार्च महिन्यात वाऱ्याला चेव आला. वाळत घातलेले कपडे कुंपणाला जाऊन चिकटायचे. आमच्या पुढच्या दारातली पणती मी हाताचा आडोसा करून लावायची, तरी आत वळेपर्यंत विझलेली. सुवर्णा म्हणायची, "आई, बॅटरीची आणू का पणती?" मी म्हणायची, "बॅटरीचा देव आण आधी."

मागच्या पायऱ्यांवरची पणती मात्र जळत राहायची.

पहिले काही दिवस हे माझ्या लक्षातच आलं नाही. जे नीट चाललंय त्याकडे कोण बघतं? एका संध्याकाळी असा वारा होता की माझा पदर डोक्यावरून उलटा होऊन तोंडावर आला. मी तो बाजूला केला आणि पणतीकडे पाहिलं. ज्योत सरळ उभी होती. देवघरात असते तशी. थरथर नाही, वाकणं नाही.

पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंचं गवत जमिनीला लोळत होतं. मध्ये ती ज्योत, सरळ. आणि सकाळी काढलेली पिठाची रांगोळी, एक कणही न हललेली.

मी स्वतःला समजावलं. काहीतरी आडोसा असेल. पण आडोसा कशाचा? झाड नव्हतं. आमचं घर वाऱ्याच्या दुसऱ्या अंगाला. देवदत्तला बोलावून दाखवलं. तो इंजिनियर. उभा राहिला, बोट ओलं करून वर धरलं, पायऱ्यांच्या आकाराबद्दल काहीतरी इंग्रजीत बोलला.

"म्हणजे काय?"

"म्हणजे वारा पायऱ्यांवरून उडी मारून जातो, आई."

"आणि पाऊस? परवा पाऊस पडला तेव्हाही वरची पायरी कोरडी होती."

तो हसला. "तू फार बघतेस," म्हणाला. पण आत जाताना त्याने एकदा मागे वळून पाहिलं.

विचार करत राहिले, तर एकच गोष्ट डोक्यात यायची. ज्योत अशी कुठे उभी राहते? जिथे भिंती असतात तिथे. वर छप्पर असतं तिथे.

४

तरी मी दिवा लावणं थांबवलं नाही. चांगल्या कामाला कशाला भ्यायचं, असं मनाशी म्हणायची.

एका दुपारी मी पायरीवर ठिपक्यांची रांगोळी घातली. ठिपके झाले, जोडायच्या आत इशू शाळेच्या बसमधून उतरली. भूक भूक करत माझ्या गळ्यात पडली. मी तिला आत नेलं, थालीपीठ लावलं. सुवर्णा तिच्या खोलीत मीटिंगला, दार लावून. देवदत्त ऑफिसात. थालीपीठ खाऊन होईपर्यंत इशू माझ्यासमोरून हलली नाही. हे मी आजही शपथेवर सांगेन.

परत गेले तर ठिपके जोडलेले होते.

आपल्याकडची कोणी बाई जोडेल तसे नाही. कमळ नाही, चांदणी नाही. एकच रेघ. बाहेरच्या ठिपक्यापासून निघालेली आणि गोल, गोल, गोल फिरत मधल्या ठिपक्यात शिरलेली. जिला रांगोळी ठाऊक नाही, पण ठिपके बघून राहवलं नाही, अशा कुणीतरी काढावी तशी.

आणि वास आला. कांदा लोण्यात परतल्याचा, आणि भाजलेल्या पावाचा. आमच्या घरून नाही. पायरीच्या वरून, जिथे काही नव्हतं तिथून. मी थोडी पुढे वाकले तर वास वाढला. मागे सरले तर गेला. जसं एखाद्याच्या स्वयंपाकघराच्या दारात तोंड घालावं आणि काढावं.

मी हाताने रांगोळी पुसली. पीठ कोमट होतं.

५

त्याच आठवड्यात दिवेलागणीला डोनाबाई अंडी घेऊन आली. इशूला हाका मारत घराला वळसा घालून मागे आली आणि तिने पायरीवर पणती पाहिली. तोवर तिने ती कधी पाहिली नव्हती, कारण संध्याकाळी ती येतच नसे. अंड्यांचा खोका तिच्या हातातून पडला.

मग ती भरभर बोलायला लागली. मी इशूला हलवलं, "सांग ना!"

"ती म्हणते, पुट इट आऊट. दिवा बंद कर."

"का?"

इशू ऐकत होती. "पूर्वी ना, मुलं फिल्डमध्ये खेळायची. मग आई पोर्चवर लाइट लावायची. लाइट लागला की सगळ्यांनी सपरला घरी यायचं."

"बरं. मग?"

"त्या डेला पण त्या घरातल्या आईने लाइट लावला. मग सगळ्या मुली आत गेल्या. मग टॉर्नेडो आला." इशू थांबली. डोनाबाई आणखी दोनच शब्द बोलली होती, खूप हळू.

"आता काय म्हणाली?"

"ती म्हणते, तिला स्वतःला लेट झालं होतं."

मी डोनाबाईकडे पाहिलं. माझ्याएवढी म्हातारी बाई, डोळे लहान मुलीसारखे झालेले. ती पणतीकडे बघत होती, आणि मधूनच इशूकडे. इशूकडे पाहिलं की बोलणं तोडायची.

तिन्हीसांजेचा दिवा आपण हाताने विझवत नाही. तेल संपलं की तो आपोआप शांत होतो. मी खुणेने सांगितलं, एवढा जळू दे, उद्यापासून लावणार नाही. ती स्वतः विझवायला पुढे झाली नाही. कुंपणाला धरून उभी राहिली, इशूचा हात घट्ट धरून. तेल संपून ज्योत बसेपर्यंत तिने तो सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी मी पणती घासून देवघरात ठेवली. पायऱ्या धुणं सोडलं. इशूला ताकीद दिली, तिकडे फिरकायचं नाही.

"पण आजी, तिथे डार्क होईल ना? तूच म्हणालीस, दारात अंधार नको."

"ते आपल्या दाराबद्दल, बाळा."

तिला पटलं नाही, हे मला दिसलं होतं.

६

एप्रिल संपत आला होता. दुपारची वेळ. मी कणीक मळत होते आणि खिडकीतला उजेड बदलला. आभाळ हिरवट झालं, मुरलेल्या लोणच्याच्या तेलासारखं. पाखरं गप्प. मग बघता बघता अंधारून आलं. घड्याळ काहीही म्हणो, माझ्या हाताला वाटलं दिवेलागण झाली. मी हात धुतले, देवघरात गेले, समई लावली.

पणती जागेवर नव्हती.

तेवढ्यात सुवर्णाचा फोन किंचाळला आणि लगोलग गावाचा भोंगा सुरू झाला. तो भोंगा दर महिन्याला तपासणीसाठी वाजायचा, इशू त्याच्या सुरात सूर लावायची. त्या दिवशी तो थांबेना.

सुवर्णा धावत आली. "आई, चला, गॅरेजमध्ये! इशू कुठंय?"

"तुझ्याजवळ नव्हती?"

"मी कॉलवर होते! मला वाटलं तुमच्याजवळ आहे!"

"इशू! इशूऽऽ!" ओरडत ती जिना चढली. मी मागचं दार उघडलं. वाऱ्याने ते माझ्या हातातून हिसकलं आणि भिंतीवर आपटलं.

बाहेर गारा पडत होत्या. इशूचा झोपाळा खांबासकट उखडून कुंपणावर जाऊन पडला होता. मला उभं राहता येईना. मी गवत धरून, बसून, रांगत गेले. पदर कुठे गेला ते कळलं नाही. कानात नुसता घोंघाट.

पायऱ्यांवर पणती जळत होती. सरळ.

आणि वरच्या पायरीवर, पणतीच्या पलीकडे, इशू उभी होती. माझ्याकडे तोंड करून. फ्रॉकची घडी हललेली नाही, खांद्यावरचे केस खांद्यावर. भोवती जग उडून चाललेलं, आणि माझी नात फोटोत उभी असावी तशी उभी.

"इशू, खाली ये."

मी केवढ्याने ओरडले ते मलाच ऐकू आलं नाही. पण तिचं बोलणं मला स्पष्ट ऐकू आलं, शेजारच्या खोलीतून बोलावं तसं.

"आजी, तू वर ये ना. इथे वारा नाहीये."

"आधी तू खाली ये."

"ती म्हणते, हॅंड्स वॉश करून ये. सपर रेडी आहे."

मी तिच्या मागे, वर पाहिलं नाही. कुणी विचारलं काय दिसलं, तर मी सांगेन, मी गवत पाहिलं. पायऱ्यांच्या पुढच्या गवतावर पिवळा उजेड पडला होता. पणतीचा नव्हे. चौकोनी, लांबट, उघड्या दारातून अंगणात पडतो तसा. त्या उजेडात इशूची छोटी सावली होती. तिच्या मागे आणखी एक सावली होती, उंच, बाईमाणसाची. ती पोटाशी धरलेल्या कापडाला हात पुसत होती, स्वयंपाक झाल्यावर पुसतो तसे. मग तिने एक हात उचलला. छोट्या सावलीच्या गालावरचे केस तिने हळूच काढले आणि कानामागे सारले.

ते माझं काम होतं.

मी हात पुढे टाकला. मनगटापर्यंत हात गेला आणि तेवढ्या हाताला वारा लागायचा थांबला. तिथे ऊब होती. कांद्याचा वास होता. मनगटाच्या अलीकडे गारा मला सोलत होत्या, पलीकडे माझी बोटं कुणाच्या तरी सुखाच्या घरात होती. खरं सांगते, एक क्षण मलाही वाटलं, चढावं. बसावं. कुणीतरी वाढलेलं खावं.

मग मी चिमटीत वात दाबली. दुसऱ्या हाताने इशूचा दंड धरला आणि ओढली.

उजेड गेला. कुठेतरी अगदी जवळ जाळीचं दार आपटलं, लाकडावर लाकूड. तिथे लाकूड नव्हतं.

७

आमच्या गॅरेजच्या जमिनीत लोखंडी पेटी पुरलेली होती, वर सरकतं झाकण. टॉर्नेडोसाठीच. सुवर्णाने आम्हा दोघींना आत ओढलं आणि झाकण सरकवलं. त्यानंतर जो आवाज आला तो मी असा सांगते. पिठाची गिरणी चालू असावी आणि आपण दाणे असावेत. पेटी थरथरत होती. सुवर्णा इशूला छातीशी धरून रडत होती, "माझं लेकरू, माझं लेकरू."

इशू रडत नव्हती.

आवाज दूर गेला. मग भोंगाही थांबला. सुवर्णाने अंधारात चाचपून बिस्किटांचा पुडा शोधला. आम्ही तिथे पाणी, बिस्किटं, बॅटरी ठेवलेली होती. "घे राजा, खा एक. शाळेतून आल्यापासून काही खाल्लं नाहीस तू."

"नको मम्मा," इशू म्हणाली. "आय ऍम फुल."

बॅटरीच्या उजेडात सुवर्णाने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. इशूच्या केसांना भाजलेल्या पावाचा वास येत होता.

बाहेर आलो तेव्हा वरचा मजला निम्मा उघडा पडला होता. रस्ते बंद, म्हणून देवदत्त गाडी सोडून चालत, धावत आला. त्याने आम्हाला तिघींना एकदम मिठी मारली आणि घराकडे पाहिलंही नाही. मागे अंगणात पत्रे, फांद्या, कुणाचा तरी फ्रिज. पायऱ्यांवर एक पान नव्हतं.

थोड्या वेळाने डोनाबाई आली. तिचं घर वाचलं होतं. ती इशूसमोर गुडघ्यावर बसली, तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून बराच वेळ बघत राहिली. मग माझ्याकडे वळून तिने काही विचारलं. यावेळी सुवर्णाने सांगितलं.

"आई, ती विचारतेय, इशू त्या पायऱ्यांवर होती का? तुम्हाला सापडली तेव्हा उजेड तिच्या तोंडावर होता की पाठीमागे? काय विचारतेय ही?"

"पाठीमागे," मी म्हटलं. "तिचं तोंड माझ्याकडे होतं."

सुवर्णाने ते इंग्रजीत सांगितलं. डोनाबाईने डोळे मिटले. इशूच्या गालावरून एकदा हात फिरवला, उठली आणि निघून गेली. निरोप घेतला नाही.

आत जाणाऱ्याच्या तोंडावर उजेड पडतो. बाहेर येणाऱ्याच्या पाठीवर. मला एवढं कळायला शाळा लागत नाही.

८

आता आम्ही पुन्हा फ्रिस्कोत आहोत. दोन्हीकडे भिंतीला भिंत लागलेलं घर. शेजारी नागपूरची वसुधा, समोर तेलुगू लोक. मी स्वतःला सांगत राहिले, संपलं. मुलगी हातात आहे, हसते, खेळते, भांडते, गणितात चुकते. आणखी काय पाहिजे?

मग एका रविवारी आम्ही देसी दुकानात गेलो. पार्किंगमध्ये वारा होता, फ्रिस्कोतही वारा काही कमी नाही. पिशव्या उडत होत्या, सुवर्णाची ओढणी तिच्या चष्म्यावर, कुणाची ट्रॉली आपोआप चाललेली. मी इशूकडे पाहिलं, सवयीने हात पुढे केला, तोंडातले केस काढायला. तोंडात केस नव्हते. खांद्यावरचे केस खांद्यावर होते. एक बटसुद्धा हलत नव्हती.

मी म्हटलं, गाडीचा आडोसा असेल. गाडी तर दुसऱ्या बाजूला होती.

तिच्या वाढदिवसाला घर भरलं होतं. मला ती मेणबत्त्या विझवायची रीत आवडत नाही, पण मुलं ऐकतात का? सगळ्यांनी गाणं म्हटलं. इशू वाकली, गाल फुगवले, फुंकर मारली.

ज्योती सरळ उभ्या राहिल्या.

"जोरात, इशू, जोरात!" तिने पुन्हा फुंकर मारली. माझ्या कानाला तिची फुंकर ऐकू आली. ज्योत हलली नाही. देवघरात असते तशी.

देवदत्त हसत ओरडला, "अरे, ट्रिक कॅंडल्स कोणी आणल्या?" वसुधा म्हणाली, "मी नाही गं बाई!" सगळे हसले. मुलांनी टाळ्या पिटल्या. सुवर्णा हसत नव्हती. मी पुढे झाले आणि एकेक ज्योत चिमटीत दाबली. कुणीतरी म्हणालं, "आजी, चटका बसेल!" बसला. खोलीतले दिवे आधीच मालवलेले, क्षणभर अंधार झाला. त्या अंधारात इशूने माझा हात धरला आणि हळू आवाजात विचारलं, "आजी, आपण घरी कधी जायचं?"

"हेच तर घर आहे, बाळा."

तिने माझा हात थोपटला. समजूतदार मुलगी आहे. मोठ्यांना दुखवत नाही.

तेव्हापासून मी रोज सकाळी तिच्या वेण्या घालते. तेल चोपडून, घट्ट, एक केस सुटणार नाही अशा. सुवर्णा आता "मोकळे राहू द्या" म्हणत नाही. तीच रिबिनी आणून देते. आम्ही दोघी या विषयावर कधी बोललो नाही.

संध्याकाळी मुलं बाहेर खेळतात, आणि मी आमच्या दारातल्या पायरीवर बसते. आमच्या रस्त्यावर एकेका दारातला दिवा लागत जातो. दिवा लागला की इशू खेळ सोडून थांबते. त्या दाराकडे बघते, मग पुढच्या, मग त्याच्या पुढच्या. मी तिला हाक मारून जवळ बसवते. सगळे दिवे लागून होईपर्यंत तिच्या वेणीचं टोक माझ्या मुठीत असतं.